डावीकडचं पोर

मामा : आणि तू तिथे बसून नखं कुरतडू नकोस. कुट्कुट् आवाज येतो, लक्ष उडतं माझं.

भाची : मी कुठे कुरतडतेय!

मामा : लहानपणापासून कुरतडतेस. हरायला लागलीस की करंगळीपासून सुरुवात. माझा चष्मा कुठे गेला? मामी नाही ना, वस्तूच सापडत नाहीत.

भाची : कपाळावर आहे.

मामा : हां. तर मॅडम, पुन्हा एकदा नीट सांगा. वय झालंय, नंतर वाद नको.

मॅडम : सोपं आहे, सर. तुमच्यासमोर दोन स्क्रीन आहेत. एकीकडे तुमच्या भाचीनं लिहिलेला प्रोग्रॅम खेळतोय, दुसरीकडे जिवंत माणूस. कुठे कोण आहे ते फक्त मला माहीत आहे, हिलासुद्धा नाही. तुम्ही दोघांशीही बुद्धिबळ खेळायचं. दोन्ही डाव संपले की तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की माणूस कुठल्या बाजूला आहे.

मामा : आणि मी बरोबर ओळखलं तर?

मॅडम : तर आमची कंपनी हिचं हे काम उद्यापासून बंद करणार. वरून ठरूनच आलंय ते. माणसासारखा खेळत नसेल तर असे प्रोग्रॅम बाजारात पोत्यानं पडलेत.

मामा : आणि आमच्या ठमीचं काय?

मॅडम : नोकरी राहील. दुसरीकडे टाकतील.

भाची : जाहिरातींवर! डाव ऐन रंगात आला की मध्येच उडी मारून येतात ना त्या, साबणाच्या? त्या मी लिहीन. अख्खा जन्म!

मॅडम : तू बोलू नकोस. तोंड भिंतीकडे कर.

मामा : बघा, शिक्षा तीच आणि कोपराही तोच. इथे माझ्या क्लबात दंगा केला की याच स्टुलावर बसवायचो हिला. ठमे, मी काय म्हणतो, आधीच सांगून ठेवतो. मला तुझं काम बुडवायची हौस नाही. पण विचारलं तर खरं तेच सांगणार. भाची म्हणून सूट नाही.

भाची : सूट मागितली कुणी? मी तर तुझंच नाव दिलं. दुसरा एखादा बघितला असता तर सहज फसला असता. तू फसलास तरच मी म्हणेन की जमलं.

मामा : मग रडायचं नाही.

भाची : मी रडत नसते.

मामा : करंगळी सोड.

मॅडम : सर, डावीकडच्यानं चाल केली.

मामा : दिसली. घोडा आणला. बरं. आणि उजवीकडे... अच्छा, इथेही घोडाच. दोन्ही सभ्य दिसतायत. मॅडम, तुम्हाला सांगतो, ही यंत्रं पकडायला मला फार वेळ लागत नाही. दहा चाली अशा खेळतात की साक्षात देव बसलाय समोर. आणि अकराव्या चालीला वजीर आणून तुमच्या तोंडात देतात. कशासाठी? तर आता दुबळं खेळायचंय म्हणून! अहो, माणूस असा वेडेपणा करत नाही.

मॅडम : माणसं वजीर घालवत नाहीत?

मामा : रोज घालवतात! माझ्या क्लबात तर ढिगानं. पण प्रत्येक वजीर जातो त्यामागे काहीतरी कारण असतं. कुणी हावरटपणानं घालवतो, कुणी घाबरून. कुणी एकदा ठरवलं ते ठरवलं म्हणून हट्टानं घालवतो. यंत्र उगीचच घालवतं. आणि त्यानं नुकसान काय होतं माहीत आहे? पोरं त्या मोबाईलवर खेळून येतात आणि नुसती वाट बघत बसतात, की आता समोरचा वजीर टाकेल. विचारच करत नाहीत. म्हणून मला राग येतो त्यांचा.

भाची : म्हणून तर मी हे करायला घेतलं ना!

मॅडम : भिंत.

भाची : बघतेय भिंतीकडेच.

मामा : थांबा, थांबा. डावीकडचा कॅसलिंग करून राजाला कोपऱ्यात घेऊन बसला. छान. आता माझा घोडा त्याच्या अंगावर येतोय, त्यानं मधलं प्यादं सांभाळायला हवं. बघू काय करतोय... अरे! हे काय!

मॅडम : काय झालं?

मामा : काही नाही, काही नाही. राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं एक घर पुढे. इकडे घर पेटलंय आणि साहेब खिडकी बसवतायत. ठमे, तुला काय झालं? स्टूल का हललं?

भाची : पाय... पायाला मुंग्या आल्या.

मॅडम : काहीही बोलायचं नाहीये तू.

भाची : नाही बोलत.

मामा : घेतलं मी मधलं प्यादं. आता बघू या. उजवीकडे काय? मीसुद्धा इथे एक प्यादं फुकट ठेवलंय, आमिष म्हणून. घे की बाबा. घेतलं नाही! बघितलंसुद्धा नाही त्याच्याकडे. हत्ती गुपचूप मागे घेतला. आला तसा घरी परत. आता या वयात मला कळतं मॅडम, हत्ती मागे घ्यायला माणसाला किती जड जातं. चुकलो असं कबूल करावं लागतं त्यात.

मॅडम : तुम्ही मनातल्या मनात बोललात तरी चालेल, सर.

मामा : मनातल्या मनात मला खेळता येत नाही. मामीला विचारा. घरी डाव मांडला की माझी सारखी टकळी चालू असते.

मॅडम : त्या नाही आल्या बघायला?

मामा : बहिणीकडे गेलीय. हिच्या परीक्षेच्या दिवशीच बहीण आठवली. म्हणे, मला बघवणार नाही, तुम्ही पोरीचं वाटोळं कराल. बघा म्हणजे, कुणाच्या बाजूनं आहे ती.

भाची : मामी माझीच आहे.

मॅडम : भिंत!

मामा : आई गं. डावीकडच्यानं घोडा पुढे घातला. मागे यायची वाट होती, सरळ होती, तरी पुढे! प्यादं गेलं त्याचा राग आलाय. आता तो उंट उघडा पडला. घेऊ? घेतो. क्षमा कर रे बाबा. ... आता चाल. चाल की.

मॅडम : घड्याळ त्याचं चालू आहे.

मामा : दिसतंय. आता तो हलणार नाही थोडा वेळ.

मॅडम : कशावरून?

मामा : आत्ता कळलं त्याला काय झालं ते. डोकं धरून बसला असेल. पोटात खड्डा पडला असेल. अशा वेळी हात पुढे होत नाही, मॅडम. चाल एकच शिल्लक असते, ती दिसतही असते, पण हात उठत नाही. यंत्र चूक करतं आणि पुढच्या क्षणाला टाळी वाजवल्यासारखं पुढची चाल खेळतं. त्याला कुठे पोट आहे!

मॅडम : बराच वेळ घेतोय.

मामा : घेऊ दे बिचाऱ्याला. तोवर उजवीकडे बघतो. अरेच्चा, इकडे माझं काही खरं नाही. वजिराला वजीर भिडवला. मारामारी मिटवून टाकायची, पुढे आहोत ना आपण, मग सावकाश. ना घाई, ना हाव, ना राग. मी मगाशी मुद्दाम एक वेडीवाकडी चाल केली, जरा गोंधळ उडवून बघावा म्हणून. नाव नाही! एका लयीत चाललंय. ठमे...

भाची : काय?

मामा : काही नाही गं. पाणी पी.

मॅडम : डावीकडचा खेळला.

मामा : खेळला एकदाचा. आता हरलाय, सरळ हरलाय, पण सोडणार नाही. कोपऱ्यात एक सापळा लावलाय बघा. लहानसाच. मी झोपेत असलो तर फसेन, एवढीच आशा. गोड आहे. ... हा घे. आणि हा शह. आणि ही मात. संपला डाव. शाब्बास रे, शेवटपर्यंत लढलास.

मॅडम : आणि उजवीकडे?

मामा : उजवीकडे मी हात टेकले. मी हरलो. मान्य. याच क्लबात माझ्याच टेबलावर मला असं स्वच्छ हरवून बऱ्याच दिवसांत कुणी गेलं नव्हतं.

मॅडम : मग सर, विचारू?

मामा : जरा थांबा. ठमे, तोंड इकडे कर. मॅडम, करू दे तिला. ठमे, तू रोज रात्री फोन करून मला विचारायचीस, मामा, माणूस कुठे अडतो, मामा, घाबरलेला माणूस कुठलं प्यादं हलवतो. मी सांगत होतो. मला वाटत होतं जमेल तुला. मनापासून वाटत होतं. आणि आता मलाच तुझ्या तोंडचा घास काढायला लावतेयस तू.

भाची : मामा, तू बोल. जे असेल ते. लवकर बोल.

मामा : उजवीकडचं यंत्र आहे. डावीकडे माणूस आहे.

मॅडम : नक्की?

मामा : नक्की. आणि नुसता माणूस नाही, माझ्या क्लबातलं पोर आहे ते. ती कडेच्या प्याद्याची खिडकी बघितलीत ना? ती जगात दुसरीकडे कुठे शिकवत नाहीत. ती माझी खोड आहे. तरुणपणी एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या डावात, जिंकत असताना, मला शेवटच्या रांगेत मात बसली. राजाला बाहेर पडायला भोकच नव्हतं. तेव्हापासून पोरगं दारातून आत आलं की पहिला धडा हाच : कॅसलिंग केलंस, आता राजाला खिडकी ठेव. गरज असो नसो. बिचारी पोरं भलत्या वेळी खिडक्या काढत बसतात आणि हरतात. मला कळतं, पण सवय सुटत नाही. डावीकडे कोण बसवलंय सांगू? खालच्या लाँड्रीवाल्याची थोरली. तीच अशी चिडून घोडा पुढे घालते. बोलवा तिला, कान पिळतो आणि पेढा देतो. ... ठमे? अगं रडतेस का? म्हणालो होतो ना, रडायचं नाही म्हणून. अगं बाळा, माझा इलाज नव्हता...

भाची : मामा! मामा, अरे, कान कसा पिळशील? त्याला कानच नाहीत!

मामा : कुणाला?

भाची : डावीकडच्याला! तो माझा आहे! मामा, तो माझा आहे रे! मॅडम, सांगा ना त्याला, मला खरंच बोलता येत नाहीये!

मॅडम : सर, डावीकडे प्रोग्रॅम होता.

मामा : शक्य नाही.

मॅडम : माझ्याकडे दोन्हींची नोंद आहे.

मामा : अहो, तो उंट गेल्यावर डोकं धरून बसला होता!

भाची : मी बसवलं त्याला! तूच सांगितलंस ना फोनवर, चूक झाल्यावर हात उठत नाही म्हणून? हजारो माणसांची घड्याळं तपासली मी. खरंच नाही उठत. मग त्यालाही तसंच शिकवलं.

मामा : आणि खिडकी? खिडकी तुला कुणी शिकवायला सांगितली?

भाची : कुणीच नाही! तिचीच तर भीती वाटत होती मला! क्लबातल्या कॉम्प्युटरवर पोरं इतकी वर्षं खेळतायत, ते सगळे डाव तूच मला, घेऊन जा, म्हणालास. त्यावरच वाढलाय तो. आणि तिथून ती खिडकी घेऊन आला. ऑफिसात सगळे म्हणाले, हा दोष आहे, काढून टाक. मी काढून बघितली, तर बाकीचा खेळही लाकडासारखा व्हायला लागला. मग राहू दिली. मगाशी ते प्यादं पुढे गेलं ना, तेव्हा मला वाटलं, मेले. आता मामा म्हणणार, असलं मूर्खासारखं यंत्रच खेळतं. माझी पाचावर धारण बसली होती!

मामा : म्हणून स्टूल हललं.

भाची : म्हणून हललं! आणि तू म्हणतोस, माझ्या क्लबातलं पोर! जिंकलो ना आपण! मॅडम, जिंकलो ना?

मॅडम : जिंकलीस. आणि मला वाटलं त्यापेक्षा मोठं जिंकलीस. कारण मी तुला सोपं ठेवलं नव्हतं. उजवीकडे मी असं माणूस बसवलं होतं, जे सरांना डोळे मिटून ओळखता यावं.

मामा : उजवीकडे? माणूस? ते यंत्रासारखं खेळणारं?

मॅडम : सरांची परवानगी घ्यायला मी घरी फोन केला होता. तो दुसऱ्याच कुणी उचलला, आणि तिथेच ठरलं. बोलावते. खालीच आहेत, लाँड्रीच्या मागच्या खोलीत.

(लाकडी जिन्यावर चपला वाजतात.)

मामी : संपलं ना एकदाचं? काय उकडतंय खाली, त्या इस्त्रीच्या वाफेनं मीच परीटघडीची होऊन आलेय.

मामा : तू?

मामी : मी.

मामा : तू तर बहिणीकडे गेली होतीस!

मामी : जाता जाता जरा खाली थांबले.

भाची : मामी! मामी, तू होतीस उजवीकडे? अगं, मामा म्हणाला तू यंत्र आहेस!

मामी : काय म्हणालात?

मामा : अगं, म्हणजे... तसं नाही...

भाची : म्हणाला, ना घाई, ना हाव, ना राग. म्हणाला, हत्ती मागे घ्यायला माणसाला लाज वाटते, हिला वाटलीच नाही!

मामी : लाज कसली? तुमच्याबरोबर संसार करायचा म्हणजे दिवसातून कितीदा हत्ती मागे घ्यावा लागतो, मोजलेत कधी?

मॅडम : हे मी अहवालात लिहिणार नाही.

मामी : लिहा हो, खुशाल लिहा.

मामा : पण तू अशी कधी खेळलीस? घरी तर रोज हरतेस! निम्म्या डावात तुझं लक्ष नसतं. प्यादी कुठे, तू कुठे.

मामी : लक्ष कसं असेल? डाव मांडला की दहा मिनिटांत सुरू होतं तुमचं, अगं चष्मा कुठाय, अगं बघ ना बेल वाजतेय, अगं चहा टाकतेस का, तोवर मी विचार करतो. तुम्ही विचार करता आणि मी चहा टाकते. परत येऊन बघते तो माझा उंट गेलेला. आज मला कुणी उठवलं नाही. खालच्या पोरीनं दार लावून घेतलं, पंखा लावून दिला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एक डाव बसून खेळले मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका बैठकीत!

मामा : आणि मला हरवलंस.

मामी : हरवलं तर. नाकावर टिच्चून हरवलं.

भाची : मामी, तुला उचलून घेऊ का मी?

मामी : कंबर आहे माझी ती. आधी सांग, तुझं काम राहिलं ना? तेवढ्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते मी. म्हटलं, यांनी मला ओळखलं तर पोरीचं नुकसान. पण मुद्दाम वेगळं काही खेळले नाही हं, मॅडमना वचन दिलं होतं. मला येतं तसंच खेळले.

भाची : राहिलं! राहिलं गं मामी! साबणाच्या जाहिराती गेल्या खड्ड्यात!

मॅडम : सर, मला एक वाक्य हवंय. वर पाठवायला. तुमच्या मते हा प्रोग्रॅम माणसासारखा खेळतो का?

मामा : नाही.

भाची : मामा!

मामा : ऐक तर. माणसासारखं असं कुणी खेळतच नाही, मॅडम. ही बघा, ही माणूस आहे की नाही? अख्खी हाडामासाची, इतक्या वर्षांची माझी बायको. आणि मी तिला यंत्र म्हणालो. जो तो कुणाच्या तरी हाताखाली शिकलेला असतो, त्याच्यासारखा खेळतो. हिचा प्रोग्रॅम माझ्या पोरांसारखा खेळतो. त्यांच्याच खोडी, त्यांचाच राग, तीच वेडी आशा. मी आयुष्यभर पोरांना काय दिलं ते मला कधी दिसलं नव्हतं. आज समोर बसून माझ्याशी खेळलं ते. लिहा, मी फसलो. आणि मला एवढा आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, तेही लिहा.

मॅडम : दोन्ही लिहिते.

मामा : आणि ठमे, ती खिडकी आता काढू नकोस.

भाची : काढत नाही.

मामा : थोडी उशिरा काढायला शिकव फक्त. मधलं प्यादं सांभाळून झालं की मग. मी शिकवायला विसरत होतो ते.

भाची : तूच शिकव. सोमवारपासून आण सगळ्या पोरांना, त्याच्याशी खेळू देत. आता वजीर फुकट मिळायची वाट नाही बघत बसणार कुणी. मी आईला फोन करते! आई बसली असेल फोन हातात घेऊन. मॅडम, चला ना खाली, लाँड्रीवाल्यांनाही सांगू, त्यांची थोरली सुटली कान पिळण्यातून!

मॅडम : चल. सर, येते मी. बाई, तुमचा खेळ फार आवडला मला.

मामी : या पुन्हा. सावकाश उतरा, तिसरी पायरी हलते.

मामा : ...गेल्या.

मामी : गेल्या. पोरगी बघा कशी नाचत गेली, जिना मोडेल. चला, आपणही निघू. संध्याकाळचं करायचंय.

मामा : बस गं जरा.

मामी : का?

मामा : बस. हा पट मांडतो. मोबाईल बंद केलाय मी. खालचं दारही लावून घ्यायला सांगतो.

मामी : आणि मध्येच चष्मा हरवला तर?

मामा : मी शोधेन.

मामी : कपाळावर आहे. पांढरी तुमचीच ना, नेहमीसारखी?

मामा : नाही. आज पांढरी तू घे.

मामी : बघा हं. मी वेळ लावते.

मामा : हवा तेवढा लाव.